हात गेला, दाद कोठे मागावी?

हाड मोडले म्हणून रुग्णालयात नेलेले मूल हात गमावून घरी येते, तेव्हा त्या घराला दैवाला बोल लावण्यावाचून काही सुचत नाही. पुष्कळदा तो दोष दैवाचा नसतो. प्लास्टर घट्ट बसते, आत सूज चढते, स्नायूंचा रक्तपुरवठा कोंडतो. मूल तळमळते, बोटे सरळ करू जाता किंचाळते. पुढे बोटे गार व बधिर पडतात. वेळीच प्लास्टर कापले, आणि तेवढ्याने न भागल्यास शस्त्रक्रियेने आतील दाब मोकळा केला, तर हात बहुधा वाचतो. काही तास दवडले की स्नायू मरू लागतात. अशा वेळी ‘दुखायचेच, सकाळी डॉक्टर पाहतील’ असे सांगून गोळी हाती ठेवणे, यास आम्ही दुर्दैव म्हणावयास तयार नाही.

प्रत्येक अवयवच्छेद म्हणजे हलगर्जीपणा, असे आमचे म्हणणे नव्हे. सडलेला पाय कापून प्राण वाचविणारा शल्यविशारद कृतज्ञतेसच पात्र आहे. सर्वोच्च न्यायालयानेही २००५ साली जेकब मॅथ्यू खटल्यात, डॉक्टरला फौजदारी दोषी ठरविण्यास ढोबळ निष्काळजीपणाच सिद्ध व्हावा लागतो, असे सांगितले, ते योग्यच होय.

भरपाईचा मार्ग निराळा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आली. तेथे तक्रारीस मुदत दोन वर्षांची. आणि त्यांतील बराच काळ जखम भरण्यातच जातो. जेथे सर्वांवरच विनामूल्य उपचार होतात, त्या रुग्णालयांना मात्र हा कायदा लागू नाही. म्हणजे गरिबाने दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी! ती पायरी किती उंच, हे आपल्याच राज्याने पाहिले आहे. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात १९६३ साली शस्त्रक्रियेच्या वेळी एका स्त्रीच्या पोटात टॉवेल राहिला व ती दगावली. राज्य सरकार त्यास जबाबदार आहे, हे सर्वोच्च न्यायालयाकडून ठरावयास १९९६ साल उजाडले.

खटला उभा राहतो तो कागदांवर. रुग्णाने मागितल्यापासून ७२ तासांत वैद्यकीय नोंदी दिल्या पाहिजेत, असा वैद्यक परिषदेचा २००२ चा नियम आहे. मागणी लेखी करावी व पोच घ्यावी. वकिलाच्या खर्चाची धास्ती बाळगणाऱ्यांनी १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा पाहावा. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमाती यांच्याबरोबर अपंग व्यक्तीलाही त्याखाली विनामूल्य वकील मिळतो, व त्यास उत्पन्नाची अट नाही. ज्या हानीबद्दल दाद मागावयाची, तीच हानी रुग्णाला या साह्यास पात्र करते, हा योग विलक्षण खरा. पण जिल्हा न्यायालयाच्या आवारातील त्या कचेरीचा पत्ता रुग्णालयाच्या कोणत्या भिंतीवर लिहिलेला असतो? देणगीदारांच्या संगमरवरी पाट्यांना तेथे जागा सापडते. त्यांच्याशेजारी हा एक फलक लावण्याचा हुकूम आरोग्य खात्याने काढावा, अशी आमची मागणी आहे.