दुसरे केंद्र असूनही बाजार का थांबतो?

२४ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी राष्ट्रीय शेअर बाजारातील म्हणजेच एनएसईतील व्यवहार थांबले. ते पुन्हा सुरू झाले ते थेट दुपारी पावणेचार वाजता, आणि बाजाराची वेळ सायंकाळी पाचपर्यंत वाढवावी लागली. एनएसईकडे पर्यायी यंत्रणा नव्हती असे मुळीच नाही. वांद्रे-कुर्ला संकुलातील मुख्य केंद्राखेरीज मुंबईतच एक निकटचे केंद्र आणि चेन्नईत आपत्तीकाळासाठीचे स्वतंत्र केंद्र, अशी तिहेरी व्यवस्था होती. तरीही देशातील मोठा बाजार चार तास ठप्प राहिला.

सर्व्हरचे समूह एकाहून अधिक ठिकाणी उभारताना पहिला प्रश्न येतो तो अंतराचा. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. म्हणजे शंभर किलोमीटरवर संदेश जाऊन पोच परत येण्यास एक मिलिसेकंद लागतो. मुंबई ते चेन्नई हे हवाई अंतरच हजार किलोमीटरच्या आसपास असल्याने तेथे किमान दहा मिलिसेकंद जातात. प्रत्येक नोंद दोन्हीकडे लिहिली गेल्यावरच पुढे सरकायचे ठरवले, तर प्रत्येक सौद्याला एवढा वेळ थांबावे लागेल. जेथे सौद्यांचा वेग मायक्रोसेकंदांत मोजला जातो, तेथे हे परवडत नाही.

म्हणून काम विभागले जाते. निकटच्या केंद्रात नोंद त्याच क्षणी उतरते, त्यामुळे माहिती हरवत नाही. दूरच्या केंद्रात ती किंचित मागाहून पोहोचते. निकटच्या केंद्रावरच का भागत नाही, याचे उत्तर मुंबईकरांना वेगळे सांगावे लागत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि वांद्रे-कुर्ला संकुलालगतची मिठी नदी पात्राबाहेर आली. असा पूर शेजारची दोन्ही केंद्रे एकदमच गिळू शकतो. त्यामुळेच मुख्य आणि आपत्तीकालीन केंद्रे शक्यतो भिन्न भूकंपप्रवण क्षेत्रांत असावीत, ते शक्य नसल्यास त्यांत किमान ५०० किलोमीटर अंतर असावे, असा भांडवली बाजार नियामक ‘सेबी’चा दंडक आहे.

त्या फेब्रुवारीत मात्र ना पूर आला ना भूकंप. एनएसईने नंतर दिलेल्या स्पष्टीकरणानुसार, मुंबईतील दोन केंद्रांदरम्यानच्या रस्त्यावर खोदकाम आणि बांधकाम चालू होते. त्यामुळे दोन वेगवेगळ्या दूरसंचार कंपन्यांच्या वाहिन्या अस्थिर झाल्या. कंपन्या दोन असल्या तरी दोन्ही वाहिन्यांना एकाच खोदकामाची झळ पोहोचली. वाहिनी तुटली तरी मुख्य केंद्रातील साठवण यंत्रणेने एकट्याने काम चालू ठेवणे अपेक्षित होते. प्रत्यक्षात ती सर्व्हरना उपलब्धच होईना. परिणामी समाशोधन कंपनीची जोखीम नियंत्रण प्रणाली बंद पडली, आणि तिच्याविना सौदे चालू ठेवणे धोक्याचे होते.

नियोजनाचा खरा कस येथेच लागतो. दुसऱ्या केंद्राकडून प्रतिसाद येईनासा झाला, तर ते केंद्र कोसळले की फक्त मधली वाहिनी तुटली, हे पहिल्या केंद्राला आतून कळू शकत नाही. दोन्ही केंद्रांनी स्वतःलाच प्रमुख मानले तर एकाच खात्याच्या दोन विसंगत नोंदी तयार होतात. दोन्ही थांबली तर काम बंद पडते. यासाठी तिसऱ्या ठिकाणी एक छोटा साक्षीदार सर्व्हर ठेवतात. त्याचे मत ज्याला मिळेल तेच केंद्र काम पुढे चालवते. हा साक्षीदार दोहोंपैकी एकाच्याच इमारतीत, त्याच विजेवर ठेवणे म्हणजे फिर्यादीच्याच घरी पंच बसवण्यासारखे आहे. ही चूक खर्च वाचवताना सहज घडते.

यंत्रे सज्ज असली तरी ‘आता हलायचे’ हे ठरवणे उरतेच. दूरच्या केंद्रात काही क्षणांच्या नोंदी कमी असू शकतात, त्यांचा मेळ घालावा लागतो, शेकडो दलालांच्या जोडण्या तिकडे वळवाव्या लागतात. एवढा खटाटोप करण्यापेक्षा दहा मिनिटांत दुरुस्ती होईल, ही आशा माणसाला मोहात पाडते, आणि त्या दहा मिनिटांचे तास होतात. सेबीने मार्च २०२१ मध्ये या मोहालाच मुदत घातली: महत्त्वाची प्रणाली बंद पडल्यास ३० मिनिटांत आपत्ती घोषित करायची आणि घोषणेपासून ४५ मिनिटांत आपत्तीकालीन केंद्रातून काम सुरू करायचे. नोंदींची हानी जास्तीत जास्त १५ मिनिटांची सोसली जाईल, हेही ठरले. निकटच्या केंद्रामुळे ती शून्यावर यावी, अशी अपेक्षा आहे.

या क्षमतेची परीक्षा २ मार्च २०२४ रोजी, शनिवारच्या सुट्टीच्या दिवशी, खऱ्या सौद्यांनिशी झाली. सव्वानऊ ते दहा या वेळेत बाजार मुख्य केंद्रातून चालला, आणि साडेअकरा ते साडेबारा या वेळेत आपत्तीकालीन केंद्रातून. भावांतील चढउतारास त्या दिवशी कमाल पाच टक्क्यांची मर्यादा होती. असेच विशेष सत्र १८ मे रोजी पुन्हा घेण्यात आले.