सुईदोऱ्याचे महाविद्यालय

अन्न, वस्त्र आणि निवारा या माणसाच्या तीन मूलभूत गरजा आहेत, हे आपण शाळेत पाठ केले आहे. अन्न पिकवण्यासाठी कृषी महाविद्यालये आहेत, घर बांधण्यासाठी अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. परंतु वस्त्राचेही महाविद्यालय असते, हे मला कॉलेजात येईपर्यंत ठाऊक नव्हते. वास्तविक माझी आई चौसाळ्यात पायमशीनवर ब्लाऊज शिवते आणि माझी फी त्याच मशीनवर निघते.

पूर्वी शिवणकाम ही विद्या शिंप्याच्या घरात बापाकडून मुलाकडे जाई. ती वर्गात येण्यास स्त्रीशिक्षणाच्या चळवळीचा मोठा हातभार लागला. रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सुरू केलेल्या सेवासदनात स्त्रियांना शिवण शिकवले जाई. बाईने स्वतःच्या पायावर उभे राहावे, हा त्यामागचा हेतू होता.

परंतु कपडा शिवणे वेगळे आणि त्याची रचना करणे वेगळे. कोल्हापुरात १९२९ साली जन्मलेल्या भानू अथैया मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात चित्रकला शिकल्या आणि वेशभूषाकार झाल्या. 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ साली जॉन मोलो यांच्यासह त्यांना ऑस्कर मिळाले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय होत. फॅशनचे शिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था तेव्हा देशात नव्हती.

त्या काळात तयार कपड्यांची निर्यात वाढत होती. मात्र पुष्कळदा नमुना परदेशी व्यापाऱ्याचा आणि शिलाई तेवढी आपली, अशी स्थिती होती. रचनाही आपली व्हावी, म्हणून केंद्राच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाने १९८६ साली दिल्लीत राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था, म्हणजेच 'निफ्ट', स्थापन केली. न्यूयॉर्कमध्ये १९४४ साली निघालेल्या अशाच एका संस्थेचे सहकार्य तिला लाभले. १९९५ साली मुंबईत शाखा आली. आज ती खारघरला आहे. २००६ च्या कायद्याने संस्थेला स्वतःची पदवी देण्याचा अधिकार मिळाला. अशा रीतीने सुईदोऱ्याची विद्या पदवीपर्यंत पोहोचली.

तेथे रेखाटन, कापडाची पारख, पोशाखाचा इतिहास हे विषय असतात. कागदावर बेत काढून कापड कापणे हाही एक विषय आहे. हे मी आईला सांगितले, तेव्हा ती वर्तमानपत्रावर गळ्याचा आकार काढत होती. मान वर न करता ती म्हणाली, "मग मी काय करते रे दुसरं?"

आईच्या या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. तिच्या हातात जी विद्या आहे, तिला ना प्रमाणपत्र आहे ना नाव. माझी धाकटी बहीण बारावीत आहे. तिचा हातही आईसारखाच सफाईदार आहे. पण निफ्टची प्रवेशपरीक्षा इंग्रजी-हिंदीतून होते आणि तिची तयारी कोणी करून घ्यावी, हे आमच्या घरात कोणालाच माहीत नाही. आपल्या वर्गांतही अशा घरांतून आलेले अनेकजण असतील. तेव्हा प्राध्यापकांना नम्र विनंती आहे, की नोकरीच्या जाहिरातींशेजारी अशा परीक्षांची माहितीही सूचना फलकावर लावावी. या वर्षी बहिणीचा अर्ज मी भरणार आहे.