गांजा कायदेशीर केला तर ड्रग कार्टेलचा रक्तपात थांबेल का? मेक्सिकोत काय घडलं?

कार्टेलवरची एखादी वेब सिरीज आली किंवा मेक्सिकोतल्या गोळीबाराचा व्हिडिओ व्हायरल झाला, की खाली एक कमेंट हमखास दिसते. "गांजा कायदेशीर करून टाका, टोळ्यांचं दुकान आपोआप बंद होईल."

ही कमेंट उडवून लावण्यासारखी नाही. तिच्यामागे तर्क आहे. आणि तो खरा की खोटा हे आता अंदाजाने सांगायची गरजही उरलेली नाही, कारण प्रयोग होऊन गेलाय. मेक्सिकोतल्या टोळ्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे अमेरिका. त्या अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी गेल्या दहा-बारा वर्षांत गांजा कायदेशीर केला. मग टोळ्यांचं काय झालं?

आधी तर्क समजून घेऊ

किराणा दुकानदाराला पुरवठादाराने फसवलं तर तो पोलिसांत जातो, कोर्टात जातो. गांजाचा माल चोरीला गेला तर तस्कर कुठे जाणार? त्याचा हिशेब बंदुकीनेच होतो. धंदा बेकायदेशीर असल्यामुळे नफाही अफाट असतो आणि त्या नफ्यातून बंदुका, माणसं आणि अधिकारी विकत घेता येतात.

म्हणून धंदा कायदेशीर करा, माल दुकानात मिळू द्या, त्यावर कर लावा. तस्कराचा नफा गेला की त्याची ताकद गेली. अमेरिकेत १९२० ते १९३३ या काळात दारूबंदी होती. ती उठल्यावर चोरट्या दारूवरून होणाऱ्या टोळीयुद्धाचं कारणच संपलं. मग गांजाचंही तसंच का होऊ नये?

गांजाची तस्करी खरंच घटली का?

हो, आणि जोरदार घटली.

कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन या राज्यांनी २०१२ मध्ये मतदान घेऊन गांजाला परवानगी दिली. कोलोरॅडोत १ जानेवारी २०१४ ला दुकानं उघडली. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०१८ पासून विक्री सुरू झाली. अमेरिकी ग्राहकाला घराजवळ, चांगल्या प्रतीचा, तपासलेला माल मिळू लागला. मेक्सिकोतून गाठोड्यात दाबून आणलेला गांजा कोण घेणार?

अमेरिकेच्या सीमा गस्ती दलाने २०१३ मध्ये सुमारे २४ लाख पौंड, म्हणजे जवळपास ११ लाख किलो गांजा पकडला होता. २०१९ मध्ये हाच आकडा ३ लाख पौंडांच्या खाली आला.

याची झळ थेट डोंगरातल्या शेतकऱ्याला बसली. सिनालोआ, दुरांगो आणि चिवावा या राज्यांच्या डोंगराळ पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या गांजा पिकतो. कुप्रसिद्ध एल चापो गुझमान याच भागातला. किलोला १०० डॉलरच्या आसपास मिळणारा भाव २५ डॉलरपर्यंत पडल्याचं तिथल्या शेतकऱ्यांनी २०१४ मध्ये अमेरिकी पत्रकारांना सांगितलं.

सीमेच्या अमेरिकी बाजूला थोडा फायदाही दिसला. २०१९ मध्ये 'द इकॉनॉमिक जर्नल'मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासानुसार, वैद्यकीय वापरासाठी गांजाला परवानगी दिल्यावर मेक्सिकोला लागून असलेल्या राज्यांत हिंसक गुन्हे सुमारे १३ टक्क्यांनी कमी झाले.

म्हणजे तर्काचा पहिला भाग बरोबर निघाला.

मग मेक्सिकोतले खून कमी झाले?

नाही. २०१४ मध्ये मेक्सिकोत सुमारे २० हजार खून झाले होते. २०१८ मध्ये हा आकडा ३६ हजारांच्या वर गेला. अंदाज यावा म्हणून सांगतो, त्याच वर्षी भारतात खुनाचे २९,०१७ गुन्हे नोंदले गेले. आपली लोकसंख्या मेक्सिकोच्या दहापटीहून जास्त आहे. यात मेक्सिकोत बेपत्ता झालेली एक लाखाहून अधिक माणसं धरलेलीच नाहीत. त्यांच्या आया आजही फावडी घेऊन माळरानावर मुलांचे अवशेष शोधत फिरतात.

गांजा घटला म्हणून खून वाढले, असा याचा अर्थ नाही. पण गांजा घटला म्हणून खून कमीही झाले नाहीत. असं का?

पहिलं कारण : टोळीच्या गल्ल्यात गांजाचा वाटा किती?

कार्टेलचा ६० टक्के पैसा गांजातून येतो, असा आकडा एकेकाळी अमेरिकी सरकारी कागदपत्रांत होता आणि तोच सगळीकडे फिरत होता. 'रँड' या संशोधन संस्थेने २०१० मध्ये तो तपासला. त्यांच्या हिशेबाने ड्रग्जच्या निर्यातीतला गांजाचा वाटा १५ ते २६ टक्केच निघाला. उरलेला पैसा कोकेन, हेरॉइन आणि मेथ यांचा.

चार मालांपैकी एक बंद झाला तर दुकानदार शटर कायमचं ओढत नाही. तो दुसरा माल ठेवतो.

दुसरं कारण : गांजाची जागा फेंटानिलने घेतली

भाव पडल्यावर डोंगरातले बरेच शेतकरी अफूकडे वळले. अफूपासून हेरॉइन बनतं आणि अमेरिकेत तेव्हा त्याला मागणी होती. पण ते दिवसही फार टिकले नाहीत. बाजारात फेंटानिल आलं.

फेंटानिलला शेत लागत नाही, पाऊस लागत नाही. प्रामुख्याने चीनमधून येणारी रसायनं आणि एक छोटी लॅब एवढ्यावर काम भागतं. माल इतका तीव्र की अगदी थोड्या वजनात प्रचंड पैसा. गांजाचे ट्रक लपवण्यापेक्षा गाडीच्या दारात एक पाकीट लपवणं सोपं. २०२२ मध्ये अमेरिकेत फेंटानिल आणि त्यासारख्या कृत्रिम ओपिऑइडच्या अतिसेवनाने ७० हजारांहून जास्त लोक मेले.

म्हणजे टोळ्या तगल्या आणि शेतकरी मात्र दोनदा मेला. एकदा गांजाच्या भावाने, एकदा अफूच्या.

तिसरं कारण : ॲव्होकॅडो तर कायदेशीरच आहे ना?

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हा आहे.

मिचोआकान राज्यातून अमेरिकेला कोट्यवधी डॉलरचे ॲव्होकॅडो जातात. पूर्णपणे कायदेशीर फळ, कागदपत्रांसकट. तरीही तिथले बागायतदार टोळ्यांना हप्ता देतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये फळं तपासणाऱ्या एका अमेरिकी अधिकाऱ्याला फोनवर धमकी आली आणि अमेरिकेने जवळपास आठवडाभर ॲव्होकॅडोची आयात थांबवली.

लिंबाचंही तेच. आपातसिंगान भागातल्या लिंबू उत्पादकांचे नेते बर्नार्डो ब्राव्हो खंडणीविरुद्ध उघड बोलत होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांचा खून झाला.

याशिवाय सरकारी पाइपलाइन फोडून इंधन चोरणं आहे, अमेरिकेकडे निघालेल्या स्थलांतरितांना पळवून पैसे उकळणं आहे. २०१० मध्ये सान फर्नांडो इथे अशा ७२ स्थलांतरितांना मारून टाकलं होतं. यात गांजाचा संबंध कुठे आला?

थोडक्यात, कार्टेल ही गांजा विकणारी कंपनी राहिलेली नाही. तिचा खरा माल भीती आहे. ज्या भागात तिला अडवणारं कोणी नाही, तिथे ती कुठल्याही धंद्यावर हात ठेवू शकते. लिंबाच्या बागेकडून हप्ता घेणारी टोळी उद्या परवानाधारक गांजाच्या शेताकडूनही घेईल.

मुंबईने हे पाहिलंय. सोन्यावर कडक निर्बंध होते तेव्हा सोन्याची तस्करी हा मोठा धंदा होता. हाजी मस्तानसारखी नावं त्यातूनच मोठी झाली. १९९० मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द झाला, आयातही सैल झाली आणि चोरट्या सोन्यातला नफा आटला. पण टोळ्या घरी बसल्या का? नव्वदचं दशक मुंबईला आठवतं ते बिल्डर, हॉटेलवाले आणि फिल्मवाल्यांना येणाऱ्या खंडणीच्या फोनसाठी.

मग हिंसाचार वाढला कशामुळे?

मेक्सिकोतून अमेरिकेत गांजा अनेक दशकं जातोय. तरीही २००७ मध्ये मेक्सिकोत ९ हजारांहून कमी खून झाले होते. गांजा होता, कार्टेल होते, पण इतकं रक्त सांडत नव्हतं.

त्या काळात बदललं ते राजकारण. एकाच पक्षाची ७१ वर्षांची सत्ता २००० साली संपली आणि अधिकारी व तस्कर यांच्यातली जुनी साटंलोटं मोडली. डिसेंबर २००६ मध्ये राष्ट्राध्यक्ष फेलिपे काल्देरॉन यांनी टोळ्यांविरुद्ध लष्कर उतरवलं. म्होरके पकडले किंवा मारले गेले, पण एका मोठ्या टोळीच्या चार छोट्या झाल्या आणि त्या आपसांत लढू लागल्या. जुलै २०२४ मध्ये 'एल मायो' झांबादा अमेरिकेच्या ताब्यात गेला आणि दोनच महिन्यांत सिनालोआ कार्टेलचे दोन गट कुलियाकान शहरात एकमेकांवर तुटून पडले.

त्यात बंदुका अमेरिकेतून येतात. २०१४ ते २०१८ दरम्यान मेक्सिकोत सापडलेल्या आणि माग काढायला दिलेल्या शस्त्रांपैकी सुमारे ७० टक्के अमेरिकेतली होती. वर बहुतेक खुनांत कोणालाच शिक्षा होत नाही.

माणसांचाही तुटवडा नाही. 'सायन्स'मध्ये २०२३ साली आलेल्या एका अभ्यासाने कार्टेलमध्ये १ लाख ६० हजार ते १ लाख ८५ हजार माणसं असल्याचा अंदाज मांडला. मेलेल्या आणि पकडलेल्यांची जागा भरायला त्यांना दर आठवड्याला किमान साडेतीनशे नवी माणसं लागतात. या संशोधकांचं म्हणणं सरळ आहे, ही भरती रोखा.

म्हणजे गांजा कायदेशीर करू नये?

तो वेगळा प्रश्न आहे. किरकोळ गांजासाठी पोरांना तुरुंगात टाकावं का, मालाची तपासणी व्हावी का, कर मिळावा का, यावर बाजूने आणि विरोधात बोलण्यासारखं बरंच आहे. खुद्द मेक्सिकोच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्रौढांच्या वैयक्तिक वापरावरची बंदी घटनाबाह्य ठरवली, पण तिथल्या संसदेला विक्रीचा कायदा काही करता आलेला नाही.

पण "यामुळे कार्टेल संपतील" हे कारण पुढे करून तो विकू नये. मेक्सिकोतल्या लिंबूवाल्याला गांजाच्या परवान्याने फरक पडत नाही. आपल्याला धमकी आली तर तक्रार घेणारा पोलीस आहे का आणि खुन्याला शिक्षा होते का, यानेच पडतो.

तेव्हा ती कमेंट पुन्हा दिसली तर खाली एवढंच विचारा : लिंबू कधी बेकायदेशीर होतं?