चौकट : ऑर्कांचा दरोडा, एडिनबराचे पोलीस

कादंबरी : ‘हॉल्टिंग स्टेट’ (२००७)
लेखक : चार्ल्स स्ट्रॉस. जन्म १९६४, लीड्स, वास्तव्य एडिनबरा. आधी फार्मासिस्ट, मग प्रोग्रॅमर.
काळ व स्थळ : २०१८ मधला, स्वतंत्र झालेला स्कॉटलंड. (प्रत्यक्षात २०१४ च्या सार्वमतात ५५ टक्के मतदारांनी स्वातंत्र्याला नकार दिला.)

गुन्हा : ‘अ‍ॅव्हलॉन फोर’ या ऑनलाइन गेममधल्या बँकेवर ऑर्क या काल्पनिक राक्षसांची टोळी चालून येते, दिमतीला आग ओकणारा ड्रॅगन. खेळाडूंनी ठेवलेल्या मौल्यवान वस्तू लंपास! लूट आभासी असली, तरी बँक चालवणाऱ्या कंपनीचे शेअर्स आणि विम्याचे पैसे खरेखुरे.

तपास : पोलीस सार्जंट स्यू, विमा क्षेत्रातली हिशेबतपासनीस इलेन आणि बेकार गेम प्रोग्रॅमर जॅक. पोलिसांच्या चष्म्यात समोरच्या रस्त्यावरच नोंदी, पत्ते तरंगताना दिसतात. या यंत्रणेचे नाव ‘कॉपस्पेस’.

वेगळेपण : निवेदन द्वितीय पुरुषी. जुन्या मजकुरी गेममध्ये खेळाडूला ‘तू दार उघडतोस’ असे सांगितले जाई, तसेच वाचकाला सांगितले जाते.

सन्मान : विज्ञानकथांसाठीच्या ह्यूगो पुरस्काराचे २००८ मध्ये नामांकन. बाजी मारली ती मायकेल शेबॉन यांच्या ‘द यिडिश पोलिसमेन्स युनियन’ने, तीही रहस्यकथाच.

पुढे काय? : दुसरा भाग ‘रूल ३४’ २०११ मध्ये आला. एडवर्ड स्नोडेन यांच्या २०१३ मधल्या, सरकारी पाळतीविषयीच्या गौप्यस्फोटांनंतर वास्तवच कल्पनेच्या पुढे गेले, असे सांगून स्ट्रॉस यांनी तिसरा भाग रद्द केला.