नोकरी सांभाळून सार्वजनिक आरोग्याचे उच्च शिक्षण

आपले अनेक बांधव आणि भगिनी आज आरोग्यसेवेत आहेत. कोणी जिल्हा रुग्णालयात परिचारिका आहे, कोणी उपकेंद्रात आरोग्यसेवक, कोणी लॅब टेक्निशियन, फार्मासिस्ट किंवा समुदाय आरोग्य अधिकारी, तर कोणी महानगरपालिकेत स्वच्छता निरीक्षक. पाच-दहा वर्षे सेवा झाली की यातल्या बऱ्याच जणांच्या मनात एकच प्रश्न घोळू लागतो : पुढे शिकायचे आहे, पण नोकरी सोडायची कशी? घराचा हप्ता, मुलांची शाळा, आई-वडिलांचे औषधपाणी, सारे या एका पगारावर चालते. अशा वाचकांसाठी या वेळी आम्ही सार्वजनिक आरोग्य आणि आरोग्य व्यवस्थापन या विषयांतील पदव्युत्तर शिक्षणाची माहिती देत आहोत.

हा विषय नेमका काय आहे?

डॉक्टर एका रुग्णावर उपचार करतात. सार्वजनिक आरोग्य हे शास्त्र संपूर्ण वस्तीचा, गावाचा, जिल्ह्याचा विचार करते. जुलाब झालेल्या मुलाला सलाईन लावणे हा उपचार झाला. त्याच गल्लीतली मुले दर पावसाळ्यात का आजारी पडतात, पाण्याची पाइपलाइन गटारातून जाते का, हे शोधून ते थांबवणे हे सार्वजनिक आरोग्याचे काम.

1854 मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागात कॉलऱ्याने शेकडो माणसे दगावली. जॉन स्नो या डॉक्टराने मृतांची घरे नकाशावर मांडली. बहुतेक घरे एका सार्वजनिक पंपाभोवती होती. त्या पंपाचा दांडा काढायला त्याने अधिकाऱ्यांना भाग पाडले. कॉलऱ्याचा जंतू तेव्हा वैद्यकशास्त्राने ओळखलेलाही नव्हता. आजार कोणाला, कुठे आणि केव्हा होतो हे मोजून त्याचे कारण शोधण्याच्या या शास्त्राला साथरोगशास्त्र म्हणतात. एम.पी.एच. म्हणजे मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ या पदवीचा तो पाया आहे.

त्याच्या जोडीला जैवसंख्याशास्त्र असते. नाव जड असले तरी मूळ कल्पना सोपी आहे. समजा, एका गावात डेंगीचे 12 रुग्ण आहेत आणि दुसऱ्यात 20. पथक आधी कुठे पाठवायचे? आकडा पाहून आपण दुसरे गाव म्हणू. पण पहिल्या गावाची लोकसंख्या 1,200 आणि दुसऱ्याची 5,000 असेल, तर पहिल्या गावात हजारी 10 आणि दुसऱ्यात हजारी 4 असे प्रमाण पडते. म्हणजे आजाराचा जोर पहिल्या गावात जास्त आहे. आपल्या रजिस्टरमधले आकडे असे बोलके करायला हा विषय शिकवतो.

व्यवस्थापन कशासाठी?

औषध आहे पण दुसऱ्याच केंद्रात पडून आहे, फ्रीज आहे पण बंद आहे, निधी आला पण मार्चअखेर परत गेला, या तक्रारी आपण रोज ऐकतो. यातल्या पुष्कळ गोष्टी वैद्यकीय ज्ञानाच्या कमतरतेमुळे घडत नाहीत, त्या नियोजनाअभावी घडतात. आरोग्य व्यवस्थापनात मनुष्यबळ, साठा, अंदाजपत्रक, गुणवत्ता आणि माहिती प्रणाली हे विषय येतात.

औषधसाठ्याचेच पाहा. औषधांची विभागणी दोन प्रकारे करतात. एक खर्चावरून : कोणत्या थोड्या औषधांवर सर्वाधिक पैसा जातो. दुसरी गरजेवरून : कोणते औषध नसेल तर जीव जाईल, कोणते आवश्यक आहे आणि कोणत्यावाचून काही दिवस चालेल. सर्पदंशावरचे प्रतिविष वर्षात मोजक्या वेळाच लागते, पण ते संपलेले चालतच नाही. ही विभागणी कागदावर असेल तर साठा मागवताना चूक होत नाही. लसीच्या बहुतेक कुप्या 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवाव्या लागतात हे परिचारिकेला पाठ असते. पण वीज गेल्यावर जबाबदारी कोणाची, हे लिहून ठरवणे म्हणजे व्यवस्थापन.

लोकसंख्येचे निकषही असेच आहेत. सपाट भागात 5,000 आणि डोंगरी वा आदिवासी भागात 3,000 लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, तर अनुक्रमे 30,000 आणि 20,000 मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असे केंद्राचे मानक आहे. आपल्या तालुक्यात ते पुरे होते का, हे आकड्यांनिशी मांडू शकणारा माणूस बैठकीत असला की चर्चेला वेगळे वळण लागते. आमच्या मते या शिक्षणाचे खरे मोल इथे आहे. वस्तीत कोणत्या नळाला कधी पाणी येते, कोणती बाई तपासणीला येत नाही आणि का येत नाही, हे तिथे फिरणाऱ्यांना ठाऊक असते. निर्णय मात्र बहुतेक वेळा वस्ती न पाहिलेले लोक घेतात. हे अंतर भरून काढायचे तर वस्ती जाणणारा माणूस निर्णयाच्या टेबलापर्यंत पोहोचला पाहिजे.

कोणाला कोणता मार्ग?

आपल्या देशात हे शिक्षण नवे नाही. कोलकात्याची अखिल भारतीय स्वच्छता व सार्वजनिक आरोग्य संस्था 1932 ची आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेच्या अच्युत मेनन केंद्राने 1997 मध्ये एम.पी.एच. सुरू केले. महाराष्ट्रात मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ येथे ही पदवी मिळते. एम.पी.एच. साधारण दोन वर्षांचे, चार सत्रांचे असते. अनेक ठिकाणी डॉक्टरांबरोबरच परिचर्या, दंत, आयुष, औषधनिर्माण आणि समाजकार्याच्या पदवीधरांनाही प्रवेश मिळतो.

पण पूर्णवेळ पदवीसाठी रजा लागते. ती शक्य नसेल तर पदव्युत्तर पदविकेचा विचार करावा. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नूने रुग्णालय व आरोग्य व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदविका दूरस्थ पद्धतीने चालवली आहे. इग्नूची प्रादेशिक केंद्रे मुंबई, पुणे आणि नागपूर येथे आहेत. टाटा संस्थेने नोकरदारांसाठी रुग्णालय प्रशासनाची कार्यकारी पदविका सुरू केली. अशा अभ्यासक्रमात काही दिवस प्रत्यक्ष वर्ग आणि उरलेला अभ्यास घरी असतो. चालू वर्षाची पात्रता, शुल्क आणि अनुभवाची अट त्या त्या माहितीपुस्तिकेतच पाहावी.

जी.एन.एम. झालेल्या भगिनींनी एक लक्षात घ्यावे. जी.एन.एम. ही पदविका आहे, पदवी नाही. त्यामुळे आधी दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग करून मग पुढे जाणे सोयीचे. ए.एन.एम. असाल तर पहिली पायरी कोणतीही मान्यताप्राप्त पदवी. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 पासून नोकरी करणाऱ्यांना ही वाट देत आले आहे.

आणखी एक गोष्ट. एम.पी.एच. केल्याने कोणी उपचार करणारा डॉक्टर होत नाही. तसेच ज्या सरकारी पदाला एम.डी. किंवा डी.पी.एच. हीच अट आहे, तिथे एम.पी.एच. आपोआप चालत नाही. ज्या पदावर डोळा आहे त्याची जाहिरात आणि सेवाप्रवेश नियम आधी वाचावेत आणि मग अभ्यासक्रम निवडावा.

रजा आणि परवानगी

राज्य शासनाच्या नियमित सेवेत असाल तर महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 मध्ये अध्ययन रजेची तरतूद आहे. साधारण पाच वर्षांची सेवा झालेली असावी आणि विषय आपल्या कामाशी जवळून निगडित असावा, अशी अपेक्षा असते. परतल्यावर ठरावीक काळ सेवा करण्याचा बंधपत्र लिहून द्यावा लागतो. ही रजा हक्क म्हणून मागता येत नाही, सेवेची निकड पाहून ती मंजूर होते. म्हणून अर्जात या शिक्षणाचा आपल्याच कार्यालयाला काय उपयोग होईल हे स्पष्ट लिहावे. दूरस्थ अभ्यासक्रमालाही प्रवेशाआधी लेखी परवानगी घ्यावी. नाहीतर पुढे पदवीची नोंद सेवापुस्तकात करताना अडचण येते.

राष्ट्रीय आरोग्य अभियानात कंत्राटावर असलेल्यांना हे रजा नियम लागू होत नाहीत. त्यांच्यासाठी नोकरी चालू ठेवून करता येणारी पदविकाच व्यवहार्य ठरते.

पैसा आणि कागदपत्रे

अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीच्या भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा वार्षिक अडीच लाख रुपये आहे. नियमित पगार असलेली परिचारिका बहुधा या मर्यादेबाहेर जाते. त्यांनी महाडीबीटीवर फ्रीशिपची, म्हणजे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क माफीची योजना आपल्या अभ्यासक्रमाला आहे का ते पाहावे, आणि संस्थेच्या शिष्यवृत्ती कक्षाकडून तसे लेखी घ्यावे. परदेशी जायचे असेल तर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीला पदव्युत्तर शिक्षणासाठी 35 वर्षांची वयोमर्यादा आहे. म्हणून हा विचार लवकर करावा. ब्रिटनच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला तर किमान दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतोच. तिथे नोकरी ही जमेची बाजू ठरते.

केंद्रीय संस्था केंद्राच्या नमुन्यातील जातीचे प्रमाणपत्र मागतात. 1990 च्या कायद्याने बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या. तरी प्रमाणपत्र नमुन्यात नसेल तर अर्ज अडतो. ते आणि जात वैधता प्रमाणपत्र प्रवेशाच्या घाईआधीच काढून ठेवावे.

फसवणुकीपासून सावध

‘सहा महिन्यांत एम.बी.ए. हॉस्पिटल, परीक्षा नाही’ अशा जाहिराती बसस्टँडवर आणि मोबाइलवर दिसतात. विद्यापीठाला विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे का, आणि त्या विशिष्ट अभ्यासक्रमाला दूरस्थ शिक्षण विभागाची त्या वर्षाची परवानगी आहे का, या दोन्ही गोष्टी तपासा. आयोगाने 2025 मध्ये मानसशास्त्र, पोषण यांसारखे आरोग्याशी संबंधित काही विषय दूरस्थ व ऑनलाइन शिकवण्यास मनाई केली आहे. त्यामुळे जुन्या ओळखीच्या सल्ल्यावर विसंबू नये. एजंटाला रोख पैसे देऊ नयेत, शुल्क विद्यापीठाच्या खात्यातच भरावे.

अभ्यास कसा निभवायचा?

रात्रपाळी करून अभ्यास करणे सोपे नाही, हे आम्ही जाणतो. ड्युटीचा तक्ता हाती आला की आठवड्याचे आठ-दहा तास आधीच अभ्यासासाठी राखून ठेवावेत. पुस्तके बहुतांशी इंग्रजीत असतात. रोज दोन पाने वाचून अवघड शब्दांची मराठीत वही केली तर तीन-चार महिन्यांत भीती मोडते. गणितासाठी टक्केवारी, सरासरी आणि प्रमाण एवढे पक्के असले की सुरुवात होते. प्रबंधासाठी दूरचा विषय घेऊ नका. आपल्याच केंद्रातील क्षयरुग्ण औषध मध्येच का सोडतात, हा उत्तम विषय आहे. फक्त संस्थेच्या नैतिकता समितीची आणि कार्यालयाची परवानगी घ्यावी आणि रुग्णांची नावे कुठेही येऊ देऊ नयेत.

घरच्यांशीही आधी बोलावे. विशेषतः भगिनींचा अभ्यास स्वयंपाक, मुले आणि ड्युटी यांच्यानंतर उरलेल्या वेळेत होतो. म्हणजे तो होतच नाही. परीक्षेच्या महिन्यात घरातील पुरुषांनी चूल सांभाळली तर ते उपकार नव्हेत, घराच्या भविष्यातली गुंतवणूक आहे.

बाबासाहेबांनी 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उघडले, तेव्हा कामावर जाणाऱ्या मुलांना शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवले होते. कमावत्या माणसालाही शिकण्याचा हक्क आहे, हे त्यामागचे सूत्र होते. आरोग्यसेवेतील वाचकांनी या महिन्यात निदान एवढे करावे : आपली पात्रता कागदावर लिहावी, दोन संस्थांच्या माहितीपुस्तिका मिळवाव्यात आणि जातीच्या प्रमाणपत्राचा नमुना तपासावा. पुढचा प्रवेश हंगाम येईपर्यंत तयारीला पुरेसा वेळ मिळेल.