फोटो काढले खरे, पण ठेवले कुठे?

आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. गारपीट झाली, ओढ्याचे पाणी वावरात शिरले, हुमणीने ऊस वाळला, की पहिला हात मोबाइलकडे जातो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि पिकाचा फोटो थेट सातबाऱ्यावरील नोंदीशी जोडला गेला. फोटो ही आता हौस राहिली नाही, तो पुरावा आहे. पण सहा महिन्यांनी कुणी "त्या वेळचा फोटो दाखवा" म्हटले, की शोधाशोध सुरू. मोबाइल बदललेला असतो, मेमरी भरली म्हणून पोराने पुसून टाकलेले असते, नाहीतर फोटो काढणारे साहेब बदलून गेलेले असतात.

व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर आहे ना, असे पुष्कळजण म्हणतात. तिथे साधा फोटो पाठवला की त्याचा आकार घटतो आणि फोटोच्या पोटात असलेली वेळ-ठिकाणाची नोंद निघून जाते. पाठवायचाच तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा.

पुणे शहराचेच पाहा. महापालिकेत २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावे घेतली गेली. ग्रामपंचायत संपली की कागदी दप्तर यादी करून सोपवता येते. पण कुणाच्या तरी मोबाइलमधले रस्त्याचे, बंधाऱ्याचे फोटो कोण सोपवणार? दुसरा धडाही पुण्याचाच. १९६४ साली इथे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. ८ जानेवारी २००३ रोजी संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या कोठारास आग लागून जुन्या चित्रपटांची मूळ रिळे जळाली. ज्यांची प्रत आधीच दुसरीकडे काढून ठेवली होती, तेच चित्रपट वाचले. एवढ्या मोठ्या संस्थेची ही गत, तर आपल्या एका मोबाइलचा काय भरवसा?

सामायिक साठवण म्हणजे काय?

गावाचे जसे सामायिक गोदाम, तशी ही फोटो-व्हिडिओंची पेटी. दोन हार्ड डिस्क बसवलेली ही पेटी ग्रामपंचायत, सोसायटी किंवा शेतकरी उत्पादक कंपनीच्या कार्यालयात राउटरला वायरने जोडतात. त्याच वाय-फायवरच्या मोबाइल व संगणकांना तिच्यातले फोल्डर दिसतात. इंटरनेट गेले तरी कार्यालयातल्या कार्यालयात काम चालते. वीज मात्र अचानक जाता कामा नये, म्हणून पेटीला यूपीएस जोडावा. ४ एमबीचा एक फोटो धरला तर १ टीबी जागेत अडीच लाख फोटो मावतात. व्हिडिओ जागा फार खातो, तेव्हा कामापुरताच काढावा.

पेटी परवडत नसेल तर अडून बसू नये. कार्यालयातल्या संगणकावरचे एक फोल्डर सर्वांसाठी खुले करावे आणि सोबत बाहेरून जोडायची एक हार्ड डिस्क घ्यावी. छोट्या गटाला एवढे पुरते.

मांडणी अशी करावी

आधी वर्ष, मग हंगाम, मग गट नंबर किंवा कामाचे नाव, असे फोल्डर करावेत. फोटोला नाव द्यावे: '२०२५-०८-१४_गट-११२_सोयाबीन_पाणी साचले'. वर्ष आधी लिहिले की फोटो आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात. शेततळे, ठिबक यांचे कामाआधीचे, काम चालू असतानाचे आणि कामानंतरचे फोटो एकत्र ठेवावेत. मूळ फोटो कापू नये, रंगवू नये.

पाहण्याची मुभा सभासदांना असावी, पुसण्याचा अधिकार मात्र दोघांकडेच. आधार कार्ड, पासबुकाचे फोटो सामायिक फोल्डरमध्ये टाकू नयेत. पेटीबरोबर आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा आणि पेटी इंटरनेटवर थेट उघडी ठेवू नये. अशा पेट्यांमधल्या फायली कुलूपबंद करून खंडणी मागण्याचे प्रकार जगभर झाले आहेत.

दोन डिस्क आहेत म्हणून निर्धास्त राहू नये

एक डिस्क बिघडली तर दुसरी काम भागवते, हे खरे. पण कुणी चुकून फोल्डर पुसले तर ते दोन्हीकडून पुसले जाते. आग, चोरी, वीज पडणे यांत तर पेटीच जाते. म्हणून महिन्यातून एकदा तिसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि ती दुसऱ्या इमारतीत ठेवावी. पेरणीआधी आपण बियाण्याची उगवण तपासतो ना? तसेच दर हंगामाला त्या डिस्कवरचे चार फोटो उघडून पाहावेत.

आणि एक लक्षात असू द्या. पेटीत फोटो ठेवला म्हणजे अर्ज झाला, असे नव्हे. नुकसानीची सूचना, पीक पाहणी ही कामे ज्या त्या मुदतीत, ज्या त्या ठिकाणीच करावी लागतात.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना विनंती, की येत्या मासिक सभेत हा विषय घ्यावा. पेटीची जबाबदारी कुणाकडे आणि बदली झाल्यावर ती कुणाकडे जाणार, हे ठरावात लिहून ठेवावे. पाणी वावरात शिरल्यावर बांध घालून उपयोग नसतो.