वाहनाची धडक : अपघात की खून?

खुनाच्या खटल्यात सरकार पक्षाला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: माणसाचा मृत्यू झाला, तो आरोपीच्याच कृत्याने झाला आणि त्या कृत्यामागे ठार मारण्याचा किंवा खुनासाठी कायद्याने सांगितलेला अन्य उद्देश वा जाणीव होती. वाहनाच्या धडकेत सारा वाद बहुधा तिसऱ्या गोष्टीभोवती फिरतो.

6 फेब्रुवारी 2023 रोजी राजापूरजवळ कोदवली येथील पेट्रोल पंपानजीक पत्रकार शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीला चारचाकीची धडक बसली. बारसू येथील प्रस्तावित रिफायनरीच्या वादाच्या बातम्या ते देत असत. दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात त्यांचा मृत्यू झाला. पोलिसांनी आधी सदोष मनुष्यवधाचा गुन्हा नोंदवला. पुढे खुनासाठीचे भारतीय दंड संहितेचे कलम 302 लागले.

कलमानुसार शिक्षा बदलते. 1 जुलै 2024 पूर्वीच्या गुन्ह्यांत निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूला भारतीय दंड संहितेच्या कलम 304-अ नुसार कमाल 2 वर्षे कैद, तर खुनाला फाशी किंवा जन्मठेप. मुंबईत कार्टर रोडवर 2006 साली मोटारीखाली 7 जण दगावले. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये सदोष मनुष्यवधाची 3 वर्षांची शिक्षा कायम केली. मृत्यू घडू शकतो याची जाणीव होती, पण मारण्याचा उद्देश नव्हता, असा खुनापासूनचा तो फरक.

उद्देश डोळ्यांना दिसत नाही. तो वागण्यावरून ठरवावा लागतो. म्हणून घटनास्थळ पंचनाम्यात टायरच्या खुणा, ब्रेक दाबल्याची चिन्हे आणि धडकेनंतर वाहन किती अंतर गेले हे नोंदवतात. मोटार वाहन निरीक्षक ब्रेक तपासतो. जखमा सर्वसाधारणपणे मृत्यू घडवण्यास पुरेशा होत्या का, हे शवविच्छेदन करणारा डॉक्टर साक्षीत सांगतो. सीसीटीव्ही चित्रणाची प्रत दाखल करताना प्रमाणपत्र जोडावे लागते; 1 जुलै 2024 पर्यंत ते भारतीय पुरावा कायद्याच्या कलम 65-ब नुसार असे. सर्वोच्च न्यायालयाच्या खोतकर-गोरंट्याल निकालाने 2020 मध्ये ते अनिवार्य असल्याचे स्पष्ट केले. पूर्ववैमनस्य पुराव्याला बळ देते, पण एकट्याने गुन्हा सिद्ध करत नाही.

खुनाचा खटला सत्र न्यायालयातच चालतो. तिथे बचाव पक्ष उलटतपासणीत पंच, साक्षीदार आणि तपासी अधिकारी यांच्या जबाबांतील विसंगती शोधतो. साक्षीदार फितूर झाला, तरी त्याच्या साक्षीचा विश्वासार्ह भाग न्यायालय ग्राह्य धरू शकते. सारा भार परिस्थितीजन्य पुराव्यावर असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या 1984 च्या शरद सारडा निकालानुसार त्याची साखळी अखंड हवी आणि आरोपीच्या निर्दोषत्वाची शक्यता तिने उरू देता कामा नये.

1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेऐवजी लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत खुनाच्या शिक्षेचे कलम 103 झाले आहे. त्याआधीच्या गुन्ह्यांना मात्र 302 च लागू राहते. कलम कोणतेही असो, खुनासाठी लागणाऱ्या उद्देशाविषयी वा जाणिवेविषयी वाजवी संशय उरला, तर आरोपीला खुनासाठी दोषी ठरवता येत नाही.